वाढवलेल्या बांगड्या आणि साजाची १४ पानं

आमच्या घरी बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ वाढवायचा, मंगळसूत्र तुटलं तरी ते वाढलं म्हणायचं, आणि आज्जीसमोर चुकून "बांगडी फुटली" असं तोंडातून गेलंच तर ती हातातलं काम थांबवून "वाढवली म्हण" असं सांगायची आणि आपण ते म्हणेपर्यंत थांबायची. इतर बायका शब्द बदलून मोकळ्या होतात पण आज्जीने ते खरंच धरलं होतं. वाढवलेल्या बांगडीचे तुकडे केरात जायचे नाहीत, ती ते एका चिनी मातीच्या बरणीत साठवायची, आणि मे महिन्यात आम्ही सगळी नातवंडं कोल्हापूरला जमलो की दुपारी जेवणं झाल्यावर मेणबत्ती लावून ती बरणी खाली यायची.

ज्यांनी हे केलंय त्यांच्या बोटांना अजून आठवत असेल. पातळ काचेचा तुकडा चिमट्यात धरायचा, ज्योतीच्या टोकावर मधोमध तापवायचा (पोटात धरला की काजळी बसते आणि रंग जातो), काच मऊ पडली की दोन्ही टोकं हळूच एकमेकांकडे वाकवायची, आणि कडी पुरती मिटायच्या आत तिच्यात आधीची कडी अडकवायची. एक हिरवी, एक लाल, एक चॉकलेटी. दोन सुट्ट्या मिळून आम्ही माजघराच्या दाराला पुरेल एवढं तोरण केलं होतं, वारा आला की किणकिण वाजायचं. त्यातल्या कुठल्या कड्या कुणाच्या हे आज्जीला माहीत असायचं, ही तुझ्या आईच्या लग्नातल्या चुड्यातली, ही आत्याच्या डोहाळजेवणातली, असं ती बोट लावून सांगायची.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात मी आज्जीच्या मोडक्या दागिन्यांची केलेल्या, भिंतीवरच्या एका फ्रेमचा फोटो स्टेटसला टाकला आणि चार दिवस फोन वाजत राहिला, कशी केलीस, कशाने चिकटवलंस, माझ्याकडेही डबाभर पडलंय त्याचं काय करू. प्रत्येकीला तुकड्या तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे ती आधीच सांगते, मोडके दागिने घेऊन काहीतरी बनवायला बसाल तेव्हा शेवटी तो दागिना ओळखू आला पाहिजे. आजकालच्या व्हिडिओंमध्ये सगळं एका ट्रेवर ओततात, ग्लू गनने दाबतात आणि वरून सोनेरी स्प्रे मारतात, पाच मिनिटांत चकाचक, पण मग ते आज्जीचं होतं की दुकानातलं प्लास्टिक होतं हे कुणाला कळणार? मला ते बघवत नाही.

आज्जी २०१९ मध्ये गेली. तिच्या कपाटातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आला कारण दुसऱ्या कुणाला तो नको होता. सोन्याचं जे होतं ते तिने हयातीतच मोडलं होतं, एक पाटली काकांच्या शिक्षणाला, गळ्यातला खरा कोल्हापुरी साज आत्याच्या लग्नात. आपल्याकडे दागिना विकला म्हणत नाहीत, मोडला म्हणतात, आणि पूर्वीच्या बायकांनी केवढं केवढं मोडलंय ते हिशोबात कुठेच येत नाही. तर डब्यात उरलं होतं ते सगळं बिनकिमतीचं. जोडी हरवलेल्या कुड्या, एका पायातलं हुपरीचं पैंजण, खडे पडलेली एक नथ, रेशीम कुजलेली मोत्यांची माळ, मण्यांचा गुंता, आणि पितळेवर सोन्याचं पाणी दिलेला एक साज, जो तिने खरा साज मोडल्यावर हळदीकुंकवाला घालायला घेतला होता. त्याचाही दोरा तुटलेला. सुटी पानं, म्हणजे साजात ओवलेले छोटे नक्षीदार आकार, एका रुमालात गाठ मारून ठेवलेली होती, मोजली तर १४.

कोल्हापुरी साजात २१ पानं असतात. परंपरेने सांगतात ते असं की १० पानं दशावतारांची, ८ अष्टमंगलाची, २ माणिक आणि पाचूची आणि १ ताईत मधोमध. म्हणजे मासा, कासव, चंद्र, बेलपान, शंख, भुंगा अशी इवली इवली पानं आणि पानापानांच्या मध्ये जाव मणी. लहानपणी आज्जीच्या मांडीवर बसून मी ती पानं चाचपायचे, मासा सापडला की सोडायचे नाही. आता १४ मध्ये मासा नव्हता.

डबा मी उघडला तो २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, आणि उघडल्या उघडल्या माझ्या हातून एक चूक झाली जी मला अजून लागून राहिली आहे. गुंत्यात ९ सोनेरी मणी होते, बोराएवढे, एकावर दाताची खूण असावी तसा खड्डा. मला वाटलं खोटी बोरमाळ. सगळ्यांबरोबर तेही रिठ्याच्या पाण्यात टाकले आणि पाणी उकळायला ठेवलं. दहा मिनिटांनी बघते तर पाण्यावर तांबूस तपकिरी काहीतरी तरंगतंय आणि मणी चेपून वेडेवाकडे झालेले. बोरमाळेचा मणी पोकळ असतो, सोन्याचा अगदी पातळ पत्रा आणि आत लाख भरलेली, म्हणून तर कमी सोन्यात गळा भरलेला दिसतो आणि म्हणून ती बेताच्या घरांतही असायची. उकळत्या पाण्यात लाख वितळली, आधार गेला आणि पत्रा बसला. नंतर कोल्हापूरच्या गुजरीतल्या (सराफ बाजारातल्या) एका जुन्या सराफांना दाखवले तर त्यांनी कसोटीवर घासून सांगितलं, सोनंच आहे हे. आज्जीने सगळं मोडलं नव्हतं तर. ९ मणी तिने कुणालाच न सांगता ठेवले होते आणि ते मी शिजवले.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. आधी ओळखायचं, मग धुवायचं, मग हात लावायचा. कुठलाही जुना दागिना, कितीही फालतू वाटला तरी, एकदा ओळखीच्या सराफाकडे नेऊन दाखवायचा. पूर्वीच्या दागिन्यांवर हॉलमार्क नसतो, सोन्याला तो सक्तीचा झाला २०२१ मध्ये, तेव्हा शिक्का नाही म्हणजे खोटं असा अर्थ होत नाही. घरी करायच्या दोन सोप्या परीक्षाही आहेत, एक म्हणजे लोहचुंबक, पितळ म्हणून मिरवणारं बरंच काही आतून लोखंड निघतं आणि चटकन चिकटतं, आणि दुसरी मोत्याची, मोती समोरच्या दातावर हळूच घासायचा, खरा मोती बारीक रवाळ लागतो आणि काचेचा किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत.

धुण्याचं सांगते कारण तिथेच जास्त नासाडी होते. कोमट पाणी, रिठा, मऊ ब्रश, एवढ्यात निम्मं काम होतं. नुसतं पितळ किंवा तांबं असेल तर चिंच, आपली नेहमीची देवाच्या भांड्यांची. पण सोन्याचं पाणी दिलेल्या वस्तूला चिंच लावून घासू नका, तो थर इतका पातळ असतो की दोन घासण्यांत खालचं पितळ वर येतं. मोत्याला लिंबू, चिंच, व्हिनेगर यातलं काही म्हणजे काही नाही, मोती आणि शिंपला दोन्ही चुन्याच्या जातीचे, आंबट लागलं की विरघळायला लागतात, चमक गेली की परत येत नाही. चांदीसाठी मात्र एक छान युक्ती आहे, भांड्यात अॅल्युमिनियमची फॉईल पसरायची, त्यावर चांदी ठेवायची, चमचाभर खायचा सोडा आणि वरून गरम पाणी. चांदीवरचा काळेपणा म्हणजे चांदीचा गंधकाशी झालेला संयोग, त्यातलं गंधक फॉईलकडे जातं आणि चांदी जागेवर राहते, घासावं लागत नाही म्हणून झीजही नाही. आज्जीचं पैंजण असंच उजळलं, नक्षीच्या खोलगट भागात जरा काळं राहिलं ते मी मुद्दाम राहू दिलं कारण नक्षी दिसते ती त्या काळ्यामुळेच. (मोती, खडे, किंवा लाख भरलेलं काही असेल तर हे करू नका, गरम पाणी आलं की माझी बोरमाळ आठवा.)

आणि लहान मुलं घरात असतील तर स्वस्तातले खोटे दागिने कानसताना, कापताना त्यांना लांब ठेवा, अशा मिश्रधातूंमध्ये शिसं आणि कॅडमियम सापडतं, खाली कागद अंथरा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. बाळाच्या खेळण्याला तर हे मणी कधीच लावू नका.

आता फ्रेम.

पहिल्यांदा मी आज्जीच्या खणाच्या चोळीचं कापड मागे लावलं होतं. कल्पना सुंदर वाटली होती पण खणाची स्वतःची बारीक बुट्टी असते, त्यावर साजाची पानं ठेवली की ती त्यात हरवूनच गेली, लांबून नुसता गोंधळ. दोन रात्री उलटसुलट ठेवून बघितलं आणि शेवटी साधी गडद हिरवी मखमल घेतली, खण फक्त कडेला बोटभर पट्टीसारखा राहिला. फ्रेम दोन इंच खोल करून घेतली म्हणजे काच दागिन्यांना टेकत नाही. फ्रेमवाल्याला हे दोनदा सांगावं लागतं, नाहीतर तो फोटोचीच पातळ चौकट करून देतो.

मग मांडणी. पानं कशीही विखरून फूल किंवा मोर करता आला असता, पण मी ती साजासारखीच मांडली, गळ्यात असतात तशा कमानीत, मध्ये ताईत, दोन्ही बाजूंना पानं आणि जाव मणी. २१ जागा आखल्या. १४ भरल्या. उरलेल्या ७ जागी फिकट सोनेरी दोऱ्याने नुसता धावदोरा घालून पानाएवढा आकार काढला आणि आत मोकळी मखमल ठेवली. मैत्रीण म्हणाली तुळशीबागेत अशी पानं सुटी मिळतात, घेऊन टाक की सात, कुणाला कळणार आहे. मला कळणार होतं ना.

चिकटवलं काहीच नाही. सगळं शिवलंय, तंगुसाने, म्हणजे पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्याने. तंगूस दिसत नाही, कुजत नाही, आणि उद्या कुणाला वाटलं की यातलं पैंजण काढून परत पायात घालावं तर कात्रीने चार टाके कापले की झालं. गोंदाने केलेलं काम परत फिरवता येत नाही, हे माझ्या मते सगळ्यात मोठं कारण. शिवाय ग्लू गनची कांडी ही मुळात उष्णतेने वितळणारी वस्तू, पश्चिमेच्या भिंतीवर मे महिन्यात लटकवलेलं काम महिनाभरात खाली येतं, धातूच्या गुळगुळीत पाठीवर ती धरतही नाही नीट. झटपट चिकटवणारी ती छोटी ट्यूब असते तिच्या वाफेने मोती आणि आरशांवर पांढरट धुकं धरतं. जिथे शिवणं शक्यच नाही, म्हणजे धातूवर धातू बसवायचाय, तिथे दोन ट्यूबचं एकत्र कालवायचं एपॉक्सी वापरा, दोन्ही पाठी आधी पॉलिश पेपरने खरखरीत करा, आणि पूर्ण एक दिवस हलवू नका. घाई केली की ते सरकतं.

बोरमाळेचे ते ९ चेपलेले मणी मी कमानीच्या खाली शिवले, चेपलेले होते तसेच. सराफ म्हणाले होते की लाख भरून परत गोल करून देतो. नको म्हटलं.

काळ्या मण्यांचं मात्र मला ठरवता येईना. आजोबा गेले तेव्हा आज्जीचं मंगळसूत्र उतरवलं, वाट्या पुढे कधीतरी मोडल्या आणि काळे मणी एका कापडी पुरचुंडीत राहिले, तेही त्याच डब्यात होते. आईला विचारलं तर ती म्हणाली, "ते नको गं, ते राहू दे." कारण सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. काकूंचं मत असं की नदीत सोडून द्यावेत. मला दोन्ही पटत नव्हतं, ज्या बाईने ते मणी चाळीस-बेचाळीस वर्षं गळ्यात घातले, त्यात तेलाचे आणि हळदीचे हात पुसले, नातवंडांच्या मुठीत दिले, त्या मण्यांत अशुभ काय असणार? पण आईच्या मनाविरुद्ध करायचं नव्हतं, म्हणून पुरचुंडी बाजूला ठेवली आणि फ्रेम तशीच काचेविना जवळजवळ दीड वर्ष टेबलावर पडून राहिली. मग एकदा आई महिनाभर राहायला आली होती, मी ऑफिसातून आले तर ती खिडकीशी बसून सुई ओवत होती आणि मखमलीच्या कडेने काळ्या मण्यांची एक सरळ ओळ अर्धी झालेली होती. म्हणाली, "कड लागली की नजर नाही लागायची." मणी चौथ्या बाजूला कमी पडले म्हणून तिने तिथे ते विरळ ओवलेत, एक मणी आणि एक दाणा जागा. मला ती बाजू सगळ्यात आवडते.

काच बसवायच्या आधी कोपऱ्यात मागच्या बाजूला सिलिका जेलच्या चार पुड्या ठेवल्या, बुटांच्या खोक्यात येतात त्याच, पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून. आणि रबर कुठेही वापरलं नाही, रबरात गंधक असतं आणि बंद जागेत ते चांदीला काळं करतं, डब्यात रबरबँड लावून ठेवलेले दागिने का काळवंडतात ते आता कळलं असेल.

या फ्रेममुळे मला जो नाद लागला त्याने माझे पुण्यातले बुधवार-रविवार व्यापले आहेत, कारण मंगळवार पेठेतला जुना बाजार त्याच दोन दिवशी भरतो. रविवारी गर्दी फार, बघायला जागा मिळत नाही, मी शक्यतो बुधवारी अर्धा दिवस सुट्टी टाकून जाते. दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक, एक जुना पंचा, सुटे पैसे, एवढं बरोबर. जमिनीवर पथारी अंथरून मांडलेलं असतं, कुलपं, बिजागऱ्या, बंद पडलेली घड्याळं, अडकित्ते, समईचे नुसते दांडे, पानाचे डबे आणि कुठेतरी एका ताटलीत साखळ्या-कानातल्यांचा गुंता. तो गुंता विकणाऱ्यालाही सोडवायचा नसतो, म्हणून तो ढिगाच्या भावाने मिळतो, आणि मला तर सोडवायलाच आवडतं, पीठ लावून दोन सुयांनी, रेडिओ लावून, तास तास.

जुनं म्हणून विकलेलं सगळं जुनं नसतं हेही तिथेच शिकले. नव्या पितळेला आम्ल लावून काळं-हिरवं केलेलं असतं. खरं वापरलेलं भांडं जिथे हात लागतो तिथे झिजतं, कान, कड, झाकणाची मूठ, आणि खोटं जुनं सगळीकडून सारखंच काळं असतं. एवढं बघितलं तरी पुष्कळ फसवणूक टळते.

माझी सगळ्यात लाडकी खरेदी म्हणजे एक कोयरी. कैरीच्या आकाराचा पितळी करंडा, हळदीकुंकवाचा, कड झिजून गुळगुळीत झालेली, आणि झाकण गायब. विकणारे काका म्हणाले, "ताई, झाकण नाही म्हणून वजनावर देतो, नाहीतर ही अशी मिळत नाही आता." घरी आणून चिंचेने घासली तर तळाशी कुणाची तरी आद्याक्षरं निघाली, टोचून काढलेली, जशी पूर्वी प्रत्येक भांड्यावर काढायचे. झाकणाला पितळेचा पत्रा कैरीच्या आकारात कापून हवा होता, तो कसबा पेठेतल्या तांबट आळीत मिळाला. पेशव्यांच्या काळापासून तिथे तांबट राहतात, अजूनही काही घरांतून ठोक्यांचा आवाज येतो. ज्यांनी कापून दिला त्यांनी मी न सांगता त्यावर मठारकामही केलं, हातोडीचे एकसारखे बारीक ठसे, म्हणाले साधा पत्रा या कोयरीला शोभला नसता. त्या झाकणावर मी एक टाचणी तुटलेला ब्रोच बसवला, ढिगातच आलेला, हिरव्या खड्यांचा. त्यातले दोन खडे नव्हते, तिथे वाढवलेल्या बांगडीच्या हिरव्या काचेचे तुकडे घासून बसवले. घासताना पाण्यात बुडवून घासायचं म्हणजे काचेची धूळ नाकात जात नाही.

एक मात्र पाळते, धडधाकट दागिना बनवाबनवीसाठी मोडत नाही. जुन्या बाजारात एकदा खोटा लक्ष्मीहार मिळाला, जुन्या धाटणीचा, दोन लक्ष्म्या सोडल्या तर पूर्ण. तो कापून सुंदर आरसा सजला असता. मी तो पटवेकऱ्यांकडे नेऊन परत गाठवून घेतला, मागे लांब लाल रेशमाचा गोंडा, आणि आता तो आमच्या सासरच्या गौरींचा आहे. आमच्याकडे गौरी उभ्याच्या असतात, त्यांचा गळा माणसाच्या गळ्यापेक्षा मोठा, बाजारातला हार पुरत नाही, गोंडा लांब ठेवला की बरोबर बसतो. सासूबाई पहिल्या वर्षी काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या वर्षी भाद्रपद लागायच्या आधीच त्यांचा फोन, "तुझ्या त्या पिशवीत कमरपट्ट्यासारखं काही आहे का गं?" होतं. दोन तुटक्या चोकरचे तुकडे एका जुन्या पैठणीच्या काठावर शिवून कमरपट्टा झाला, एकट्या राहिलेल्या झुब्यांची मखराला झालर झाली. धाकटीच्या मुखवट्याची नथ मी आज्जीच्या नथीच्या तारेवरच नवे मोती ओवून केलीये, तार जुनी, मोती नवे. गौरी जेवायच्या दिवशी सासूबाई आलेल्या प्रत्येक बाईला ती नथ कुणाची ते सांगतात.

मला कधीकधी वाटतं की हे आपल्याकडे कुणी नव्याने शिकवायची गरजच नव्हती. माझ्या आईच्या रुखवतात साबणाच्या वडीला टाचण्या आणि रिबिनी लावून केलेली टोपली होती, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांचं झुंबर होतं, मोत्यांचं बदक होतं. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला बाई फळ्यावर "टाकाऊतून टिकाऊ" असं मोठ्ठं लिहायच्या. रुखवत आता तयार मिळतं, भाड्यानेसुद्धा मिळतं. मला त्याचं वाईट वाटतं, आणि ते मी बोलून दाखवते, कारण त्या झुंबरासाठी आईने आणि मावश्यांनी गल्लीतल्या डॉक्टरांकडून वर्षभर बाटल्या जमवल्या होत्या आणि ते झुंबर अजूनही आमच्या जुन्या घरात आहे, एकही बाटली गळालेली नाही.

तर ती फ्रेम. काच बसली, भिंतीवर लागली, फोटो स्टेटसला टाकला, आणि रात्री साडेदहाला कोल्हापूरहून आत्याचा फोन. पहिल्यांदा नुसती शांतता. मग म्हणाली, "अगं, मासा कुठं गेला म्हणून शोधत असशील तर तो माझ्याकडं आहे. आईनं दिलाय मला, बाळंतपणाला आले होते तवा. देव्हाऱ्यात अन्नपूर्णेजवळ ठेवलाय."

मी म्हटलं, "अय्या आत्या, मग पाठवून देतेस का, एक जागा भरेल."

"नाही गं," ती म्हणाली. "तो राहू दे माझ्याकडं. रोज हळदकुंकू लावते मी त्याला."

मग आम्ही दोघी बराच वेळ बाकीच्या सहा पानांचा माग काढत बसलो, एक बहुतेक मुंबईच्या काकूंकडे असावं, एक नक्की विहिरीत पडलं तेव्हा आत्या स्वतः तिथे होती. फोन ठेवल्यावर मी फ्रेम खाली काढली, काच काढली, आणि माशाच्या रिकाम्या जागेचा धावदोरा उसवून तिथे लाल रेशमाने परत घातला. बाकीच्या सहा जागा अजून सोनेरी आहेत. पुढच्या महिन्यात कोल्हापूरला जाणार आहे, जाताना तंगूस आणि सुया बरोबर नेतेय, कारण आत्या म्हणाली तिच्याकडेही एक डबा आहे, आणि माजघराच्या दारावरच्या त्या बांगड्यांच्या तोरणातल्या वरच्या दोन सरी तुटून खाली आल्यात, त्या तिने एका बरणीत ठेवल्यात.